टॉसच्या आत स्वयंपाक

कसोटी क्रिकेटमध्ये जेवणासाठी खेळ थांबतो. चाळीस मिनिटांचं लंच आणि वीस मिनिटांचा चहा हा त्या खेळाच्या नियमांचाच भाग आहे. एकदिवसीय सामने आले, मागोमाग टी-20 आलं, आणि आता खेळासाठी घरातली जेवणं पुढेमागे होतात. आयपीएलची संध्याकाळची मॅच साडेसातला सुरू होते, म्हणजे नेमकी भाजी-पोळीच्या वेळेला. विश्वचषकाची फायनल बहुतेक वेळा शनिवार-रविवारी येते, म्हणजे सगळी माणसं घरात. अशा दिवशी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही सोसायटीचा जिना चढून बघा, कुकरची शिट्टी आणि समालोचन एकाच दारातून ऐकू येतात. त्या कुकरपाशी कोण उभं आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या एका आत्यात आणि तिच्या अंधेरीच्या भाचीत हा विषय निघाला. दोघी माझ्या जवळच्या. आत्या मूळची मालवणकडची, भाची आयटीत नोकरी करणारी. क्रिकेटचं वेड दोघींनाही आहे, हे आधीच सांगतो. कारण खेळात रस नसलेल्या बाईचा हा प्रश्न नव्हे. रस असूनही जिला आत उभं राहावं लागतं, तिचा आहे.

भाची : 29 जून 2024, बार्बाडोसची फायनल. शेवटच्या ओव्हरच्या पहिल्याच बॉलवर सूर्यकुमारने मिलरचा कॅच घेतला, तेव्हा तू कुठे होतीस, आत्या?

आत्या : आत. मागचं आवरत होते. पिठल्याचं पातेलं वेळेवर भिजत नाही टाकलं, तर सकाळी खरवडत बसावं लागतं. ओरडा ऐकला तशी हात पुसत बाहेर आले. रिप्ले बघितला की सगळा.

भाची : रिप्लेत निकाल आधीच ठाऊक असतो गं. सूर्या दोरीच्या बाहेर गेला की आत आला, हे कळायच्या आधीचा तो एक क्षण घरातल्या सगळ्यांना मिळाला, तुला नाही मिळाला. म्हणून म्हणते, फायनलच्या दिवशी गॅस पेटवायचाच नाही. बाहेरून मागवायचं आणि सगळ्यांनी एकत्र बसून बघायचं.

आत्या : म्हणजे माझ्या पिठल्यावर राग.

भाची : पिठल्यावर कशाला असेल? मी दोनदा वाढून घेतलं होतं.

आत्या : मग माझं ऐक. मॅच ही तुला नुसती बघायची गोष्ट वाटते. माझ्याकडे त्या दिवशी दहा-बारा माणसं जमतात. त्यातली निम्मी एरवी दिवाळीलासुद्धा येत नाहीत. 19 नोव्हेंबर 2023 आठवतो? रविवार होता. अहमदाबादला आपण 240 मध्ये गारद झालो आणि त्या हेडने 137 मारले. कुणी कुणाशी बोलेना. सगळे उठून निघाले होते. मी पानं मांडली, रस्सा गरम केला, तेव्हा कुठे माणसं बसली. अर्ध्या तासाने बोलायलाही लागली. त्या रात्री बाहेरून आलेले डबे टेबलावर असते, तर झाकणंसुद्धा कुणी उघडली नसती.

आत्याचं हे म्हणणं मला पूर्ण पटतं. जिंकलेल्या रात्री काय खाल्लं, याला फारसा अर्थ नसतो; पेढा, आइस्क्रीम, नाक्यावरचा वडापाव, काहीही गोड लागतं. घरच्या जेवणाची खरी गरज हरलेल्या रात्री पडते. समोर गरम भात असला, त्यावर कुणीतरी न विचारता रस्सा ओतला, की हरलेला माणूस हळूहळू माणसांत येतो. मॅचच्या दिवशीचं भरभक्कम जेवण हे चैनीचं खाणं आहे, असं मानणाऱ्यांनी तो 19 नोव्हेंबर आठवून बघावा.

भाची : ते मान्य. पण त्या माणसांना माणसांत आणायची जबाबदारी दर वेळी तुझीच का? आणि डब्यांचं म्हणशील, तर हल्ली घरगुती जेवण पाठवणाऱ्या बायका आहेत. मालवणी मागव, गुजराती मागव. घाटकोपरच्या माझ्या मैत्रिणीकडे दालढोकळी येते, अगदी घरच्यासारखी.

आत्या : आणि ती घेऊन कोण येतं?

भाची : डिलिव्हरीवाला.

आत्या : त्याला मॅच बघायची नसते? फायनलच्या रात्री तो मुलगा स्कूटर घेऊन चार जिने चढतो, आणि तुम्ही दार उघडून त्यालाच विचारता, स्कोअर किती झाला. तुमच्याकडे डबे पाठवणारी ती बाईसुद्धा ओट्यापाशीच उभी असते ना? माझा ओटा बंद करून तू दुसरीचा पेटवलास. त्यात माझी सुटका झाली असेल, पण कुणीतरी आत उभं आहेच.

भाची इथे गप्प झाली. मला वाटतं, या वादातला आत्याचा सगळ्यात बिनतोड मुद्दा हाच. बाहेरून मागवलं की श्रम नाहीसे होत नाहीत, फक्त आपल्या नजरेआड जातात.

भाची थांबणारी नाही. तिने वेगळीच बाजू काढली.

भाची : बरं, तुझ्या लहानपणी काय होतं? तुझी आई स्वयंपाक करताना मॅचला मुकायची?

आत्या : छे! तेव्हा रेडिओ होता. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागायचं. रेडिओ फळीवर, आई चुलीपाशी. भाकरी थापता थापता ऐकायची. गावसकर खेळत असला की तिच्या भाकऱ्या एकसारख्या गोल व्हायच्या आणि आउट झाला की पुढची भाकरी हमखास करपायची. ती उभ्या आयुष्यात मैदानावर गेली नाही, पण स्लिप कुठे, गली कुठे, सगळं तिला ठाऊक.

भाची : बघ. म्हणजे तुझ्या आईचा स्वयंपाक मॅचच्या आत होता. तुझा बाहेर गेला. टीव्ही आला आणि तो हॉलमध्ये ठेवला गेला.

हे वाक्य ऐकलं आणि मला दोघींच्या बोलण्यातली गाठ सापडली. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. 25 जून 1983 ला लॉर्ड्सवर 183 धावांवर आटोपलेल्या भारताने वेस्ट इंडिजला 43 धावांनी हरवलं, तेव्हा उपनगरांतल्या चाळींत आणि नव्या इमारतींत एकेका संचासमोर मजलाभर माणसं बसली होती. रेडिओचा आवाज भिंत ओलांडून आत जायचा आणि हात कामात असले तरी कान मोकळे असायचे. टीव्हीला डोळे लागतात. उपनगरातल्या वन बीएचकेत हॉल पुढे, स्वयंपाकघर मागे आणि मध्ये दीड हाताचा पॅसेज. तो पॅसेज ओलांडून बाहेर येईपर्यंत विकेट पडून गेलेली असते. पिठात हात घातलेल्या बाईला क्रिकेटपासून लांब नेलं ते स्वयंपाकाने नव्हे, घराच्या रचनेने. आणि ती बदलायला पाहिजे, असं घरातल्या कुणाला कधी वाटलं नाही.

आत्या : हल्ली मी मोबाइल लावते ओट्यावर. तेलाचे शिंतोडे उडतात म्हणून डब्याला टेकवून ठेवते. आयपीएलला मराठी समालोचनही असतं 2023 पासून.

भाची : तो मोबाइल टीव्हीच्या मागे असतो आत्या. हॉलमध्ये सिक्स बसली की तुला ओरडा आधी ऐकू येतो आणि तुझ्या मोबाइलवर अजून बोलर धावतच असतो.

आत्या : ते खरं आहे. त्याचा फार राग येतो.

इतकं मनापासून बोलली ती, की दोघीही हसल्या.

मग विषय निघाला 2 नोव्हेंबर 2025 चा. त्याबद्दल बोलताना आत्याचा आवाजच बदलतो. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिलांच्या विश्वचषकाची फायनल, समोर दक्षिण आफ्रिका. त्याआधी गुरुवारी, 30 ऑक्टोबरला, त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध 339 धावांचा पाठलाग झाला होता आणि जेमिमा रॉड्रिग्स नाबाद 127 वर उभी होती. जेमिमाचा जन्म भांडुपचा. मुलुंडहून गाडी पकडली की नाहूरनंतर भांडुप. आत्याला ती गल्लीतलीच वाटते.

आत्या : त्या गुरुवारी मी नुसती मुगाची खिचडी लावली, पापड भाजले आणि बसले. आणि रविवारी तर एकादशीच होती, कार्तिकी. मटण नाही, वडे नाहीत, काही नाही. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. दोन शेगड्या, तासाभराचं काम.

भाची : आणि मॅच तीनला म्हणून तू पावणेतीनला खिचडी तयार ठेवलीस.

आत्या : आणि पाऊस आला! पाच वाजता सुरू झाली मॅच. तोवर साबुदाणा चिवट झाला. थंड खिचडी म्हणजे दाताला शिक्षा. दुधाचा हबका मारून, झाकण ठेवून परत वाफ काढली, पण पहिली मजा गेली. साबुदाण्याला थांबायला सांगता येत नाही.

भाची : पण तू पूर्ण मॅच बघितलीस ना?

आत्या : पहिल्या बॉलपासून. शफालीच्या 87 बघितल्या. दीप्तीने पन्नास मारून वर पाच विकेट घेतल्या, त्या बघितल्या. हरमनप्रीतने शेवटचा कॅच घेतला तेव्हा बारा वाजत आले होते. बाजूच्यांनी पेढे आणले. तू म्हणालीस, तारीख बदलली, आता श्रीखंड खा. मी म्हटलं, द्वादशी सूर्य उगवल्यावर. पेढा मात्र उपासाला चालतो.

भाची : म्हणजे बायकांनी विश्वचषक जिंकला त्या दिवशी तुला सोफ्यावर बसवलं ते एकादशीने. घरातल्या कुणी नाही.

आत्याने यावर काही उत्तर दिलं नाही. पण हाच प्रश्न मला त्या रात्रीपासून छळतो आहे. अकरा मुली मैदानावर इतिहास घडवत असताना किती घरांतल्या बायका तो आतून ऐकत होत्या? केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटं बिनमोबदल्याचं घरकाम करतात आणि पुरुष 88 मिनिटं. एक टी-20 सामना टॉसपासून बक्षीस समारंभापर्यंत बघून झाला, तरी 289 मिनिटं संपत नाहीत. ती वेळ रोज जाते. मॅचच्या दिवशी तर पाहुणे असतात, तेव्हा वाढतेच.

तरीही मी भाचीच्या ‘गॅस पेटवायचाच नाही’ या बाजूला गेलो नाही. जेवण घरचंच हवं. फक्त ते निवडताना रांधणारीलाही मॅच बघायची आहे, हे आधी धरायला हवं. तसं धरलं की पदार्थांकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. दोघींची पुढची बोलणी त्याच दिशेने गेली, आणि मला ती सगळ्यात उपयोगाची वाटतात.

आत्या : मासे तर मॅचला मी करतच नाही. वर्सोव्याचा ताजा बांगडा आणलास तरी नको. काटे असलेला मासा खाताना डोळे ताटात लागतात. एखाद्याने सिक्सवर उडी मारली आणि काटा घशात अडकला, तर केळं शोधत फिरायचं. कोळंबीभात चालेल.

भाची : वरणफळं?

आत्या : उत्तम. आधी करून ठेवली तर घट्ट होतात, पण गरम पाणी घालून सारखी करता येतात. एका वाडग्यात, चमच्याने. मसालेभात त्याहून बरा, तो मुरला की अधिक चांगला लागतो. पावभाजीचंही तसंच. 2 एप्रिल 2011 ला आमच्या सोसायटीत खाली पावभाजी केली होती, भाजी दुपारीच शिजवून ठेवली आणि रात्री नुसते पाव भाजले. सेहवाग दुसऱ्याच बॉलवर गेला तेव्हा तव्यापाशी कुणीच नव्हतं, सगळे टीव्हीपाशी. भाजीला काही झालं नाही.

भाची : म्हणजे थांबू शकणारे पदार्थ आणि न थांबणारे पदार्थ. साबुदाणा, भजी, फुलके, डोसे हे न थांबणारे.

आत्या : आणि मटण थांबणारं. मटणाची घाई करायचीच नसते. सकाळी ह्यांनी आणलं की धुऊन हळद, मीठ, आलं-लसणीचं वाटण लावून ठेवायचं. कांद्यावर परतून घ्यायचं, पाणी घालायचं नाही. पातेल्यावर खोलगट ताट ठेवायचं आणि पाणी त्या ताटात ओतायचं. मंद आच. ताटातलं पाणी कढत झालं की तेच आत सोडायचं, ताटात पुन्हा नवं. गार पाणी घातलं तर मटण आखडतं. दीड तास आपलं आपण शिजतं ते. कांदा-खोबऱ्याचं वाटप आदल्या रात्री भाजून, वाटून फ्रिजमध्ये ठेवलं, तर शेवटी नुसतं घालून उकळी काढायची. दुपारी केलेला रस्सा रात्री जास्त चांगला लागतो. मुरतो ना.

भाची : मग तुझं सगळं काम टॉसच्या आत संपतं. अडतं कुठे?

आत्या : वड्यांवर. वडे गरमच हवेत.

भाची : तूच सांगतेस, वडे दोन दिवस टिकतात. शिळा वडा सकाळी चहात बुडवून खाते ती कोण?

आत्या : ती मीच. पण गरम, टम्म फुगलेला वडा ताटात पडतो, तेव्हा खाणाऱ्याचा चेहरा बघितला आहेस कधी? मला तो बघायला आवडतो. तुला वाटतं, मला कुणी आत कोंडून ठेवलंय. तसं नाही गं. मला माणसांना खाऊ घालायला आवडतं.

हे खरं आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय हा वाद प्रामाणिकपणे पुढे नेता येत नाही. हौसेने रांधणाऱ्या बाईला तू राबतेस असं सांगणं, म्हणजे तिच्या हौसेचा अपमान आहे. भाचीलाही ते कळलं. ती जरा वेळाने बोलली.

भाची : तुझी हौस मला हवीच आहे, नाहीतर मी रविवारी मेट्रोने घाटकोपर आणि तिथून मेगाब्लॉकच्या गाडीने मुलुंड कशाला गाठलं असतं? पण काका सकाळी मटण आणतात आणि त्यांचं काम संपतं. दादा ताटं मांडतो आणि त्याला वाटतं, खूप केलं. वाढणं तुझ्याकडे, मागचं आवरणं तुझ्याकडे. हौस रांधण्याची आहे ना? पातेलं खरवडण्याची तर नाही?

आत्या : पातेलं खरवडायची हौस कुणाला असते?

भाची : मग ते दादाचं. आणि वडेसुद्धा.

आत्या : वडे तो थापणार? तेलात सोडताना हात भाजेल त्याचा.

भाची : तुझा नाही भाजला पहिल्यांदा?

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने वड्याच्या पिठाचा हिशोब सुरू केला, आणि तेव्हाच मला कळलं की ती राजी झाली. तांदूळ, चणाडाळ, उडीदडाळ, थोडे गहू, धणे, मेथी, बडीशेप, सगळं भाजून जाडसर दळलेलं पीठ तिच्याकडे बरणीत असतंच. गरम पाण्यात मळून दोन तास झाकून ठेवायचं. गोळे करून ओल्या फडक्याखाली ठेवायचे. तेल तापलं की नाही, ते पिठाचा कण टाकून बघायचं. तो लगेच वर आला पाहिजे. वडा सोडल्यावर झाऱ्याने वरून तेल उडवायचं, म्हणजे फुगतो. टी-20 मध्ये दोन डावांत वीस मिनिटांची सुट्टी असते, आणि तयारी झालेली असेल तर दहा-बारा माणसांना पुरतील एवढे वडे त्या वेळात होतात.

शेवटी ठरलं ते असं. वाटप आदल्या रात्री, आत्याने आणि भाचीने मिळून. मटण आणायचं आणि धुवायचं काकांनी. रस्सा आत्याचा, कारण तो दुसऱ्या कुणाला जमणार नाही, यावर एकमत आहे. टॉस झाला की गॅस बंद आणि आत्या सोफ्यावर, मधल्या जागी. इनिंग ब्रेकमध्ये वडे दादाने तळायचे. पहिल्या घाण्याला आत्या शेजारी उभी राहील, दुसऱ्याला नाही. जेवणानंतरची पातेली दादा आणि काका यांची, मॅच कितीही रंगात आलेली असली तरी.

वाचकहो, पुढची मोठी मॅच तुमच्याही घरी येईलच. काय करायचं ते घरात ठरेल तेव्हा कोण काय करणार, हेही त्याच वेळी ठरवून टाका. वडे वाकडे झाले तरी चालतील. घरात कुणी आजवर फक्त रिप्ले बघत आलं असेल, तर तिला या वेळी टॉसपासून बसवा.